जुनोच्या बंदरातला एक दिवस कसा आखावा

अलास्काची राजधानी असलेल्या जुनो शहरात बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. समोर गॅस्टिनो खाडी, पाठीशी सरळ उभे डोंगर आणि त्या डोंगरांमागे सुमारे 3,900 चौरस किलोमीटर पसरलेले बर्फाचे पठार, अशा बेचक्यात हे गाव वसले असल्यामुळे इथे येणारा माणूस विमानाने येतो, फेरीबोटीने येतो, नाही तर क्रूझने. गावची वस्ती 32 हजारांच्या आसपास आहे आणि एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात पंधरा लाखांहून अधिक क्रूझप्रवासी इथे उतरतात. ही गर्दी आवरण्यासाठी 2024 पासून दिवसाला पाचपेक्षा अधिक मोठी जहाजे येऊ द्यायची नाहीत, असे शहराने आणि क्रूझ कंपन्यांनी मिळून ठरवले. प्रवाशाच्या हाती सहसा आठ ते बारा तास असतात. तेवढ्यात हिमनदी, व्हेल, हेलिकॉप्टर, रोपवे आणि बाजार हे सगळे उरकायला निघालेल्या माणसाचा निम्मा दिवस बसच्या रांगांत जातो, म्हणून एक मोठा कार्यक्रम आधी पक्का करावा, हिमनदीपाशी पायी फिरायला वेळ राखावा आणि बाकीचे त्या दिवशीच्या आकाशावर सोडावे.

कागदपत्रे आणि महिना

सुरुवात व्हिसापासून करावी, कारण भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांची गाडी अडते ती बहुधा इथेच. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना सिएटलहून निघणारी क्रूझ सोयीची वाटते. सिएटलहून निघून सिएटललाच परतायचे, मध्ये सगळी बंदरे अलास्काची, तेव्हा अमेरिकेचा व्हिसा पुरेल असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु परदेशी नोंदणीच्या जहाजांना अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यानुसार अशा फेरीत एखाद्या परदेशी बंदराला लागावेच लागते आणि त्यासाठी ती बहुतेक कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदरात थांबतात. म्हणून अमेरिकेच्या व्हिसासोबत कॅनडाचाही व्हिसा हातात असावा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा. ग्रीनकार्डधारकांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड पुरते. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या क्रूझसाठी कॅनडाचा व्हिसा लागणार हे उघडच आहे. क्रूझचे पैसे भरण्यापूर्वी आपल्या पासपोर्टसाठी नेमके काय लागते, हे कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.

महिना निवडताना पावसाचा विचार करावा. जुनो टोंगस राष्ट्रीय वनाच्या कुशीत आहे आणि हे वन म्हणजे थंड हवेतले वर्षावन आहे. मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे असतात, ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबर पुरते ओले असतात. हा पाऊस आपल्याकडच्या आषाढातल्यासारखा झोडपत नाही, तो दिवसभर भुरभुरत राहतो. जुलैतही दुपारचे तापमान 17-18 अंशांच्या पुढे सहसा जात नाही. मात्र सॅमन मासे आणि त्यांच्या मागे येणारी अस्वले पाहायची असतील तर जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळच योग्य आहे, त्यासाठी पाऊस सोसावा लागतो.

आगाऊ काय ठरवावे

हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरणे, व्हेल पाहायला बोटीने जाणे आणि हिमनदीपर्यंतची बस या तीन गोष्टींच्या जागा मर्यादित असतात. मेंडेनहॉल हिमनदी वनखात्याच्या हद्दीत असल्यामुळे तिथे प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांना ठरावीक संख्येचेच परवाने मिळतात. तेव्हा हे आरक्षण घरूनच करावे. ते जहाजावरच्या काउंटरवर केल्यास किंमत थोडी जास्त पडते, पण सहल लांबली तर जहाज सहसा थांबते. बाहेरच्या स्थानिक कंपनीकडे गट लहान असतो आणि दरही बरा असतो, मात्र वेळेची जबाबदारी आपली.

मोठा कार्यक्रम एकच निवडायचा तर कोणता, या प्रश्नाला माझे उत्तर व्हेल हे आहे. हेलिकॉप्टरला माणशी कित्येकशे डॉलर पडतात, वजन करून जागा ठरवली जाते, ठरावीक मर्यादेपेक्षा वजन अधिक असल्यास जादा पैसे घेतले जातात आणि ढग खाली आले की उड्डाण रद्द होते. पैसे परत मिळतात. हुकलेली सकाळ मिळत नाही. बर्फावर पाय ठेवण्याची हौस दांडगी असेल तर अवश्य जावे, पण उड्डाण रद्द झाल्यास काय करायचे ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे. व्हेलच्या बोटी मात्र रिमझिम पावसातही निघतात. त्या शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवरच्या ऑक बे इथून सुटतात आणि हिमनदीही त्याच दिशेला असल्याने दोन्ही गोष्टी एका फेरीत बसवता येतात. तशी जोडसहल घेताना हिमनदीपाशी किती वेळ मिळणार, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. पाऊण तास मिळत असेल तर फोटो काढून परतावे लागते. निदान दोन तास हवेत.

कपडे आणि सामान

कपडे थरांनी घालावेत: आत लवकर वाळणारा बनियन, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न झिरपणारे, टोपीचे जर्किन. जीन्स टाळावी, कारण ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. बोटीच्या डेकवर वारा बोचतो, म्हणून कानटोपी आणि हातमोजे जुलैतही जवळ असावेत. वाऱ्यात छत्री उलटते आणि गर्दीच्या पायवाटेवर इतरांच्या डोळ्यांपाशी येते, तेव्हा ती जहाजावरच राहू द्यावी. दुर्बीण मात्र विसरू नये.

खाण्याचे एक सांगायला हवे, कारण आपण डब्याशिवाय बाहेर पडत नाही. मेंडेनहॉलच्या पायवाटांवर उन्हाळ्यात पाण्याखेरीज काहीही खायला-प्यायला परवानगी नसते, कारण वासाने अस्वले येतात आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला पुढे गोळी घालण्याची वेळ येते. तिथे जेवणाची सोयही नाही. सकाळची न्याहारी जहाजावर पोटभर करावी. शाकाहारी मंडळींना हे अधिकच लागू आहे.

उतरल्यावर आधी हिमनदी

उतरण्यापूर्वी घड्याळ तपासावे. अलास्काची वेळ सिएटल आणि व्हँकुव्हरच्या एक तास मागे आहे, पण परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते आणि मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, त्यामुळे दोन्ही वेळा एकच आहेत ना, याची खात्री जहाजावरच करून घ्यावी. आपले जहाज कोणत्या धक्क्याला लागले आहे हेही पाहावे. सर्वांत दक्षिणेकडचा एजे धक्का गावापासून दीडेक किलोमीटर दूर आहे. तिथून गावात शटल बस जाते.

हिमनदी बंदरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे आणि तिथे जाण्याचे तीन मार्ग आहेत. धक्क्यावरून सुटणाऱ्या खासगी बस सर्वांत सोप्या. टॅक्सी किंवा उबर चौघांत परवडते, पण परतताना तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून परतीची गाडी जातानाच ठरवावी. शहर बसचे तिकीट अवघे 2 डॉलर आहे. सुटे पैसे मोजून द्यावे लागतात आणि उतरल्यावर अडीच किलोमीटरच्या आसपास चालावे लागते. धडधाकट माणसाला ही चाल काहीच नाही, वाट सपाट आहे. आईवडील बरोबर असतील तर मात्र बसभाड्यात काटकसर करू नये.

तिथले माहिती केंद्र 1962 मध्ये उभे राहिले. अमेरिकेच्या वनखात्याने बांधलेले हे पहिलेच माहिती केंद्र. त्याच्या आसपासच्या उघड्या खडकांवर थोडा वेळ थांबावे. ते गुळगुळीत घासलेले आहेत आणि त्यांवर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे आहेत. हिमनदी आपल्या तळाशी अडकलेले दगड घेऊन या खडकावरून सरकत गेली, तेव्हाच्या या खुणा आहेत, बोट फिरवले की खाचा हाताला लागतात. शंभर वर्षांपूर्वी हे ठिकाण बर्फाखाली होते. समोरचा तलाव 1929 च्या सुमारास तयार होऊ लागला आणि तेव्हापासून हिमनदी सुमारे पावणेतीन किलोमीटर मागे गेली आहे. जुन्या फोटोंतली बर्फाची भिंत डोळ्यांपुढे ठेवून गेल्यास निराशा होते, कारण आता बर्फ दूर आणि आक्रसलेला दिसतो. आणखी वर सुइसाइड बेसिन नावाच्या खोलगट भागात वितळलेले पाणी साचते आणि बर्फाचा बांध फोडून खालच्या वस्तीत घुसते. 2011 पासून हे घडत आले आहे आणि 2023 व 2024 च्या ऑगस्टमध्ये तर घराघरांत पाणी शिरले. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर त्या सकाळी तलावाकडचे रस्ते आणि पायवाटा खुल्या आहेत का, ते पाहूनच निघावे.

चालता येणाऱ्याने नगेट धबधब्यापर्यंत जावे. जाऊन-येऊन सव्वातीन किलोमीटर होतात, वाट जवळजवळ सपाट आहे आणि शेवटी तलावाकाठच्या वाळूवर सुमारे 115 मीटरचा धबधबा अंगावर तुषार उडवतो. इथून हिमनदी माहिती केंद्राहून बरीच जवळ दिसते. चाल झेपत नसेल तर केंद्राजवळची फोटो पॉइंटची छोटी वाट चाकाच्या खुर्चीलाही सोयीची आहे. स्टीप क्रीकवरच्या लाकडी मार्गिकेवरून हंगामात लालभडक झालेले सॉकाय सॅमन अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध जाताना दिसतात, आणि नशीब असेल तर ते खायला आलेले काळे अस्वलही दिसते. अस्वल दिसल्यास पळू नये, पाठ फिरवू नये, शांतपणे बोलत मागे सरावे आणि फोटोसाठी अंतर कमी करू नये.

तलावातल्या हिमखंडांवर चढण्याचा मोह आवरावा. ते कधीही उलटतात. बर्फाच्या निळ्या गुहांचे फोटो समाजमाध्यमांवर बरेच फिरतात, परंतु त्या गुहा कोसळतात आणि तिथे जाणारी पश्चिमेकडची वाट लांब व खडतर आहे. एका दिवसाच्या प्रवाशाने तो विचार सोडून द्यावा. ढगाळ दिवस लाभला तर हळहळू नये. दाबाने घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा बाहेर सोडतो. लख्ख उन्हात पृष्ठभाग पांढराफटक दिसतो, आणि आभाळ भरलेले असताना तोच निळा रंग खुलतो.

मग व्हेल

हंपबॅक व्हेल हिवाळा हवाईच्या कोमट पाण्यात काढतात, तिथे पिल्ले घालतात आणि उन्हाळ्यात पोट भरायला इथे येतात. जुनोच्या आसपास त्या मे ते सप्टेंबर भरपूर असतात. बोटीवर डावीकडे-उजवीकडे धावत सुटण्यापेक्षा एका जागी उभे राहून पाण्यावर उडणारी फवाऱ्याची रेघ शोधावी. व्हेल काही वेळा श्वास घेते, मग पाठीची कमान करते. ती कमान दिसली की शेपटी वर येणार हे ओळखावे आणि कॅमेरा तेव्हाच उचलावा. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठसे प्रत्येक व्हेलचे वेगळे असतात, त्यावरून अभ्यासक त्यांची नोंद ठेवतात. बोटीने सुमारे 91 मीटरच्या आत जायचे नाही असा नियम आहे, तेव्हा चालकाला आणखी पुढे घ्यायचा आग्रह करू नये.

डोंगर आणि गाव शेवटी

माउंट रॉबर्ट्सचा रोपवे धक्क्यालगतच आहे, म्हणून तो शेवटासाठी ठेवावा आणि तिकीट आधी काढू नये. डेकवरून वर पाहावे. वरचे स्थानक ढगात असेल तर पैसे वाया जातील. सुमारे 550 मीटर उंचीवर सहा मिनिटांत पोहोचता येते आणि आभाळ मोकळे असेल तर खाली जहाजे, खाडी आणि पलीकडचे डग्लस बेट दिसते. हा रोपवे इथल्या मूळच्या त्लिंगिट लोकांच्या गोल्डबेल्ट या संस्थेचा आहे.

साउथ फ्रँकलिन रस्त्यावरची सोन्या-हिऱ्यांची दुकाने ओलांडून पुढे जावे. तशी प्रत्येक क्रूझबंदरात असतात. अलास्का राज्य संग्रहालय आणि 2023 मध्ये धक्क्यालगत उभारलेले टोटेम, म्हणजे कुळांची चिन्हे कोरलेले लाकडी खांब, यांना तो वेळ दिलेला बरा. हे गाव 1880 मध्ये सोन्यामुळे वसले. सोन्याच्या शोधात आलेल्या जो जुनो आणि रिचर्ड हॅरिस या दोघांना सोन्याच्या ओढ्यापर्यंत नेले ते त्लिंगिट प्रमुख कोवी यांनी. गावाला नाव मात्र जुनोचे मिळाले. धक्क्यावर पॅट्सी अॅन नावाच्या कुत्रीचा पुतळा आहे. जन्मतः बहिरी असूनही 1930 च्या दशकात ती येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या स्वागताला धक्क्यावर हजर असे.

परतताना

हिमनदी आणि ऑक बेकडून गावात येणारा मुख्य रस्ता एकच आहे, एगन ड्राइव्ह. त्यावर अपघात झाला तर वाहतूक तुंबते. जहाजावर चढण्याची अखेरची वेळ सुटण्याच्या अर्धा तास किंवा त्याहून आधीची असते. तिच्या दीड तास आधी धक्क्याजवळ पोहोचलेले असावे आणि उरलेला वेळ गावात घालवावा. इतके करूनही जहाज चुकलेच तर गाडीने पुढचे बंदर गाठता येत नाही, विमान किंवा फेरीबोट हाच मार्ग उरतो. म्हणून जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेला बंदरातील प्रतिनिधीचा क्रमांक उतरण्यापूर्वी मोबाइलमध्ये टिपून घ्यावा आणि पासपोर्ट व दोन्ही व्हिसांच्या प्रती, क्रेडिट कार्ड आणि दिवसभराची औषधे खोलीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावीत.