बडबडगीतांतून गोष्टीचा क्रम शिकवताना या चुका टाळा

तीन-चार वर्षांचं मूल अख्खं बडबडगीत न अडखळता म्हणतं आणि त्याच गाण्याची तीन चित्रांची कार्डं क्रमाने लावायला दिली की गोंधळून जातं. आपल्याला वाटतं, याचं लक्षच नाही. लक्ष असतं, पण गाणं त्याने चालीवर आणि यमकांवर पाठ केलेलं असतं. एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. काय घडलं हे डोळ्यांसमोर आणायची गरजच पडत नाही. गाणं पाठ आहे म्हणजे क्रम समजला, असं धरून चालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

तपासून पाहणं सोपं आहे. गाणं मध्येच थांबवा आणि चाल सोडून, साध्या बोलण्याच्या आवाजात विचारा, "आता काय होणार?" मूल पहिल्या ओळीपासून पुन्हा गायला लागलं, तर क्रम अजून चालीच्या आधाराने उभा आहे. काळजीचं काही नाही. फक्त चित्रांची घाई करू नका.

गाणं निवडतानाच गडबड

प्रत्येक बडबडगीतात गोष्ट नसते. चंद्राला हाक मारणारी, फुलांचं वर्णन करणारी, बोटं मोजणारी गाणी भाषेसाठी उत्तम. पण त्यातल्या दोन ओळींची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. हीच कसोटी लावा. अदलाबदल करून बघा आणि अर्थाचा घोटाळा झाला तरच ते गाणं क्रमासाठी घ्या.

'ये रे ये रे पावसा'मधलं सरीचं कडवं या कसोटीला छान उतरतं. सरीला बोलावलं, मडकं भरायला सांगितलं, सर धावत आली, मडकं वाहून गेलं. सर आलीच नाही तर मडकं वाहून जाईल कसं? इथे एका घटनेमुळे दुसरी घडते आणि असा क्रम मुलं लवकर धरतात. याउलट आधी एक प्राणी येतो, मग दुसरा, मग तिसरा, अशा गाण्यांत क्रमाला कारण नसतं. तो नुसता लक्षात ठेवावा लागतो. ती गाणी नंतरसाठी राखून ठेवा.

थेट कार्डांवर उडी

चित्र म्हणजे थांबलेला क्षण. त्याच्या आधी काय होतं आणि पुढे काय होईल, हे मुलाला मनातल्या मनात भरावं लागतं. जे अंगाने कधी केलंच नाही ते मनात कसं भरणार? म्हणून पहिल्यांदा गाणं करून पाहू द्या. एक रिकामा डबा मडकं होईल, एक मूल सर होऊन धावत येईल, डबा घरंगळत जाईल. भूमिका बदला, पुन्हा करा. मग खेळातल्या छोट्या वस्तूंनी तेच मांडा. चित्रं त्यानंतर. घाईच्या वेळी हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि माझ्या मते कार्डांवर अडणाऱ्या बहुतेक मुलांना खरी गरज याचीच असते.

कार्डं काढलीत की तिसऱ्या वर्षी दोन पुरेत. ती सहज जमली की तीन. चार-पाच कार्डं पाच वर्षांच्या आसपास. तीन कार्डांत पहिलं आणि शेवटचं बहुतेक वेळा जमतं, मधलं हरवतं. तसं झालं तर दोन टोकं तुम्ही ठेवा आणि मधलं मुलाला शोधू द्या.

कार्डांमुळेही फसगत होते. सगळ्या चित्रांत मागचं दृश्य एकच असावं आणि घडलेला बदल ठळक दिसावा. प्रत्येक चित्रात वेगळंच घर, वेगळेच कपडे असतील तर ही एकच गोष्ट आहे हे मुलाला कळत नाही. कार्डावर आकडे लिहू नका, नाहीतर मूल गोष्ट सोडून आकडेच जुळवतं. आणि डावीकडून उजवीकडे जायचं ही वाचनाची रीत या वयात ठाऊक असेलच असं नाही. उजवीकडून लावलेला बरोबर क्रमही बरोबरच. एका पट्टीवर सुरुवातीला हिरवा ठिपका आणि पुढे बाण काढलात की प्रश्न मिटतो.

'आधी'चा प्रश्न

इव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की लहान मुलं वाक्यात जी घटना आधी ऐकतात तीच आधी घडली असं समजतात. आता आपला नेहमीचा प्रश्न बघा: "मडकं वाहून जाण्याआधी काय झालं?" यात नंतरची घटना पहिल्यांदा येते. मूल चुकलं तर ते गोष्टीत चुकलं की वाक्यात, हे कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा "सर आल्यावर काय झालं?" असं विचारा, ऐकण्याचा आणि घडण्याचा क्रम एकच राहतो. असे प्रश्न अंगवळणी पडले की मग 'आधी' आणा.

"चुकलं" म्हणून कार्ड हलवणं

मुलाने लावलेल्या क्रमाला हात लावू नका. "एकेका चित्रावर बोट ठेव आणि मला गोष्ट सांग," म्हणा. पुष्कळदा मूल सांगता सांगता थबकतं आणि स्वतःच कार्ड बदलतं. कधी मात्र त्याचं कारण पक्कं असतं: रिकामं मडकं शेवटी ठेवलं, कारण जुनं वाहून गेल्यावर घरी नवीन आणलं! हा विचार अगदी क्रमाचाच आहे. त्याचं मनापासून कौतुक करा, आणि मग विचारा, "आणि गाण्यात काय झालं होतं?"

काही मुलं आवडतं चित्र नेहमी पहिलं ठेवतात. त्यांना ते चित्र आधी हातात खेळवू द्या, थोड्या वेळाने कार्डं लावायला बसा. एखादं मूल बोलतच नसेल तर बोटाने दाखवलेलं उत्तरही पूर्ण उत्तर माना. एका बैठकीला पाच-सात मिनिटं पुरतात. मूल चुळबुळ करू लागलं की थांबा.

गटात एकच मूल सगळी उत्तरं देत असेल, तर एकेक चित्र एकेकाच्या हातात द्या आणि मुलांनाच रांगेत उभं राहायला सांगा. मग तुम्ही मुद्दाम चुकीच्या क्रमाने गा: आधी मडकं वाहून न्या, मग सरीला बोलवा. चार वर्षांपुढची मुलं लगेच ओरडून अडवतात, आणि "असं का नाही चालणार?" या प्रश्नाला एरवी गप्प बसणारंही बोलतं. फक्त मूळ गाणं पक्कं झाल्याशिवाय हा खेळ खेळू नका, नाहीतर मुलं उलटाच क्रम पाठ करून बसतात.