डायनोफ्लॅजेलेटचं विभाजन बघताय? कवचाच्या बाबतीत या चुका टाळा

ठाणे खाडीचं पाणी गढूळ. ऐरोली किंवा वाशीच्या बाजूने आणलेल्या थेंबात गाळाचे कण आणि डायटम (सिलिकाच्या कवचाची एकपेशी शैवालं) यांचीच गर्दी असते, त्यातून डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे पाण्यात पोहणारे एकपेशी सूक्ष्मजीव, शोधून काढावे लागतात. एवढ्या खटपटीनंतर एखादी पेशी विभागताना दिसली की नोंद घाईघाईने होते. बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रकल्पवह्या वाचताना सारखं जाणवतं की त्यातल्या बऱ्याच चुका एकच प्रश्न न विचारल्यामुळे झालेल्या असतात. एका पेशीच्या दोन झाल्या, मग जुन्या कवचाचं काय झालं?

आधी कवच कुठे असतं ते पक्कं करा. पेशीच्या सर्वांत बाहेरच्या पटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर असतो. चिलखती जातींमध्ये या पिशव्यांच्या आत पट्टिका तयार होतात, त्या मुख्यतः सेल्युलोजच्या. डायटमचं कवच सिलिकाचं. त्यात नवी झडप (कवचाचा अर्धा भाग) जुनीच्या आत बनते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सरासरी आकार घटत जातो. हा नियम उचलून डायनोफ्लॅजेलेटला लावू नका. इथे नव्या पट्टिका सांध्यांपाशी वाढत जातात आणि पेशी पुन्हा पूर्ण आकाराची होते.

जुन्या कवचाची वाट दोन तऱ्हांनी लागते. ट्रायपॉस (जुन्या पुस्तकांत सेरेशियम), गोनिओलॅक्स, अलेक्झांड्रियम यांच्यात कवच तिरकं दुभंगतं आणि वाटून घेतलं जातं. प्रत्येक पिल्लूपेशी अर्ध्या जुन्या पट्टिका घेऊन निघते, उरलेला भाग नव्याने बांधते. स्क्रिप्सिएला आणि प्रोटोपेरिडिनियममध्ये मात्र आईचं कवच पूर्ण टाकून दिलं जातं आणि दोन्ही पिल्लं अख्खं कवच नव्याने घडवतात.

हे माहीत नसलं की ट्रायपॉस हमखास फसवतो. विभाजनात वरचं लांब शिंग एकीच्या वाट्याला जातं, दुसरीला ते मुळापासून वाढवावं लागतं. त्या अवस्थेतली आखूड शिंगाची पेशी वहीत कधी ‘तुटलेली’ म्हणून येते, कधी चक्क वेगळी जात म्हणून. पट्टिका नीट बघा. अर्ध्या जाड आणि ठसठशीत, अर्ध्या पातळ आणि गुळगुळीत दिसल्या तर ती नुकतीच विभागलेली आहे.

दुसरी चूक उघड्या पेशीची. कवच नाही, म्हणजे जिम्नोडिनियमसारखी बिनचिलखती जात, असं ठरवून मोकळं व्हायचं. पण चिलखती पेशीही त्रास झाला की कवच टाकते. बाटली दुपारच्या उन्हात रिक्षातून आली, स्लाइडवरचं पाणी दिव्याने तापलं, एवढं पुरतं. त्याच थेंबात रिकामी कवचं पडलेली आहेत का ते आधी शोधा. आणायची पद्धतही बदला: बाटली काठोकाठ भरू नका, सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये घालू नका, स्लाइड केल्या केल्या बघा. नॉक्टिल्युकाची मोठी, फुग्यासारखी पेशी मात्र मुळातच पट्टिकांशिवाय असते.

आता केंद्रक. गुणसूत्रं दोऱ्यांसारखी स्पष्ट दिसली की मुलं ‘पूर्वावस्था’, म्हणजे विभाजनाची पहिली पायरी, लिहितात. बहुतेक डायनोफ्लॅजेलेटांची गुणसूत्रं विभाजन नसतानाही घट्ट वळलेलीच राहतात, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय विभाजनात केंद्रकाचं आवरण विरघळत नाही. त्याच्या आरपार बोगदे पडतात आणि सूक्ष्मनलिकांचे (गुणसूत्रं वेगळी करणाऱ्या बारीक नळ्यांचे) जुडगे त्या बोगद्यांतून, म्हणजे केंद्रकाच्या बाहेरच राहून जातात. कांद्याच्या मुळाच्या टोकात पाहिलेलं चित्र इथे शोधत बसलात तर ते सापडणार नाही. मला हा भाग सगळ्यांत विलक्षण वाटतो आणि नेमका तोच वहीत एका ओळीत उरकलेला असतो.

दोन पेशी चिकटलेल्या दिसल्या म्हणजे विभाजनच, हेही गृहीत धरू नका. त्या एकत्र येणारे युग्मक (लैंगिक पेशी) असू शकतात. थोडा वेळ नजर ठेवा, दूर जातात की एकमेकींत मिसळतात ते कळेल. मागे दोन लांब कशाभिका (पोहायचे चाबकासारखे तंतू) असलेली एकच पेशी दिसली तर तो बहुधा पोहणारा युग्मनज, म्हणजे दोन युग्मक मिसळून झालेली पेशी, आहे.

विभाजन सापडतच नसेल तर वेळ तपासा. बऱ्याच जाती रात्री उशिरा ते पहाटे विभागतात आणि आपलं प्रॅक्टिकल असतं अकराला. नमुना खिडकीपाशी, थेट ऊन न लागेल असा ठेवा आणि सकाळी लवकर बघा. ते जमणार नसेल तर पहाटेच त्यातला थोडा भाग लुगॉलच्या आयोडीनने टिकवा. पाण्याला पातळ चहाचा रंग येईल इतकंच घाला, जास्त झालं तर पेशी काळपट होऊन पट्टिका दिसेनाशा होतात. फॉर्मलिनमध्ये बिनचिलखती पेशी अनेकदा फुटतात. पट्टिकांचे सांधे मोजायचे असतील तर कॅल्कोफ्लोर वापरा. ते सेल्युलोजला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात निळं चमकतं. लुगॉलमधला नमुना असेल तर आधी सोडियम थायोसल्फेटने आयोडीनचा रंग घालवा, नाहीतर चमक दबते. आणि मोजणीत रिकामी कवचं ‘मृत पेशी’त धरू नका, त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखा. त्यातली काही नुकत्याच झालेल्या विभाजनाची असतात.