सुडी झाकायला विजेत पळू नका. इशारा कापणीआधी वाचा

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही आणि सोयाबीन कापणीला आलंय. मजूर मिळाले की कापून टाकायचं, थ्रेशरचा नंबर लागेपर्यंत रानात सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) उघडी ठेवायची, आणि दुपारी आभाळ गडगडलं की घरातल्या सगळ्यांनी मेणकापड घेऊन पळत सुटायचं. मराठवाडा-विदर्भात ऑक्टोबरमध्ये हेच चालतं. माल भिजतोच, वर माणसं जातात. सपाट रानात सुडीवर चढून ओलं मेणकापड ओढणारा माणूस हा त्या शिवारातला सगळ्यात उंच ठिपका असतो. विजेला आणखी काय हवं?

बहुतेक वेळा इशारा आधीच आलेला असतो, पण तो वाचला जात नाही. ‘हवामानवाल्यांचं कधी खरं होतं का’ म्हणून मोबाइल खिशात जातो. म्हणून आधी हे काम कसं चालतं ते थोडक्यात बघा.

भारतीय हवामान विभाग 1875 पासून आहे, आणि शेतीसाठीचा वेगळा विभाग पुण्यात 1932 मध्ये सुरू झाला. ठरलेल्या केंद्रांवरून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगे सोडतात. फुग्याला टांगलेलं यंत्र वर जाताजाता तापमान, बाष्प आणि हवेचा दाब कळवतं, त्याच्या वाटेवरून वाऱ्याचा अंदाज येतो. वरची हवा किती थंड आणि खालची किती दमट, यावरून आज गडगडाटी ढग वाढतील का ते ठरतं. उपग्रहाची चित्रं, रडार आणि संगणकाची गणितं समोर ठेवून शेवटचा निर्णय माणूसच घेतो, सणावारीसुद्धा पाळीवर बसून.

आता आपण कुठे चुकतो ते. जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज हा कापणी कधी करायची ते ठरवायला आहे. तुमच्या रानात किती वाजता पाऊस पडेल हे त्यातून कळणार नाही. गडगडाटी ढग पाच-दहा किलोमीटरचा, जन्मतो आणि तासाभरात विरतोही, त्याचा पत्ता चार दिवस आधी कोणालाच लागत नाही. तो उभा राहू लागला की रडारवर दिसतो आणि तेव्हा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा निघतो. पाच दिवसांच्या अंदाजात तास शोधायचा आणि सापडला नाही की अंदाज खोटा म्हणायचा, हा आपला अन्याय आहे.

रंगांचं सोपं आहे. हिरव्यात इशारा नाही, पिवळ्यात लक्ष ठेवा, नारिंगीत तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण पिवळाच आहे म्हणून कापणी चालू ठेवू नका. वीज पिवळ्यातही मारते, आणि उघड्या सुडीला चार-पाच मिलिमीटरही पुरे होतो. ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलं असेल तर जिल्ह्यातल्या चारातल्या एखाद्या केंद्रावर, असं धरा. ते केंद्र तुमच्या गावाजवळचंही असू शकतं. आणखी एक, हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आजचा इशारा उद्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे, रात्र त्यातच आली.

कुठे बघायचं: ‘मेघदूत’ अॅपवर तालुक्याचा अंदाज आणि पीकसल्ला (दर मंगळवार-शुक्रवारी नवा). विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप, 20 आणि 40 किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजा दाखवतं. दोन्ही फुकट. पैसे घेऊन ‘खास अंदाज’ देणाऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दमडी घालवू नका.

आता सोयाबीन. शेंगा 95 टक्के तपकिरी-पिवळ्या झाल्या की कापणी. कापताना दाण्यात ओलावा 15 ते 17 टक्के, मळणीला 13-14, साठवणीला 12 च्या आत. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर शेंग कानाशी हलवून बघा, दाणा खुळखुळला आणि दाताखाली ‘कट्’ वाजला तर मळायला हरकत नाही. हा आमचा अंदाज आहे, मापकाला पर्याय नाही.

पुढचे तीन दिवस कोरडे दिसत नसतील तर उभं राहू द्या. शेंगा थोड्या तडकतील, ते नुकसान दिसतं म्हणून जिवाला लागतं. पण भिजलेल्या सुडीच्या पोटात हात घातला की गरम वाफ लागते, दोन दिवसांत दाण्याला पांढरे कोंब फुटतात, आणि मग व्यापारी ढीग चाळून भाव पाडतो. उभ्या झाडातून वारं खेळतं, सुडीतून नाही. थ्रेशरचा नंबर पक्का झाल्याशिवाय विळा लावूच नका.

कापलंच असेल तर सुडी उंचवट्यावर, खाली पाचट, भोवती चर, आणि मेणकापड संध्याकाळीच बांधून मोकळं व्हा. आभाळ निरभ्र असलं तरी.

या दिवसांत दुकानदार दोन गोष्टी गळ्यात मारतो. एक, दाणा भरायचं टॉनिक: पानं पिवळी पडल्यावर त्याचा काही उपयोग नाही. शेंगेवरच्या करप्याला टेब्युकोनॅझोल 10 टक्के + गंधक 65 टक्के हे बुरशीनाशक हेक्टरी सव्वा किलो ही शिफारस आहे, पण ती वेळ आता गेली. दोन, पीक लवकर वाळवायला पॅराक्वाट हे तणनाशक: ते पोटात गेलं तर उतारा नाही. ऊन फुकट आहे, अंदाज वाचून त्याची वाट बघा.

बाकीची कामं:
- कापूस: दव उतरल्यावर वेचणी, भिजलेला वेगळा.
- तूर: साचलेलं पाणी काढा.
- रब्बी ज्वारी: 15 ऑक्टोबरपर्यंत पेरणी, बियाण्याला किलोला 4 ग्रॅम बारीक (300 मेष) गंधक.
- हरभरा: बियाण्याला ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किलोला 5 ग्रॅम.
- सोयाबीनची सुडी: आज झाकली का?

वीज. सकाळी दहालाच घाम फुटत असेल आणि दुपारी फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढत असतील, तर तीननंतर रान सोडा. अनुभव असा आहे, अॅप काहीही म्हणो. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आलात, पाऊस नसला तरी. चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा पत्र्याचं छत असलेल्या, काचा बंद केलेल्या जीपमध्ये जा. कॅबिन नसलेला ट्रॅक्टर, एकटं झाड, रानातली पत्र्याची खोप, विहिरीचा काठ यांतलं काहीही आसरा नाही. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका, आणि सगळ्यांनी एकमेकांपासून लांब पांगा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. सुडी भिजत असली तरीही.

कोणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा. 108 ला फोन करायला एकाला सांगा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबायला घ्या. गाडी येईपर्यंत दाबणं थांबवू नका, दमलात तर माणूस बदला.