नडगी दुखत असताना सराव: भरतीच्या पोरापोरींनी या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की कोल्हापुरातली मैदानं पहाटे पाचलाच जागी होतात. विद्यापीठाच्या आवारातले रस्ते, रंकाळ्याचा काठ, कळंब्याकडचा भाग, जिकडे बघावं तिकडे पळणारी पोरं. महिनाभर जातो आणि त्यातली बरीच जण कठड्यावर बसून नडगीला बाम चोळताना दिसायला लागतात. शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण एकट्या लांब धावण्याचे, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800. त्यामुळं दुखतंय हे कुणी कबूलच करत नाही. सराव घेताना मला सगळ्यात जास्त काळजी याच गप्प पोरांची वाटते. हे दुखणं वेळेत ओळखलं तर काही आठवड्यांत आटोक्यात येतं. अंगावर काढलं तर अख्खी भरती हातची जाते.

आधी नेमकं कुठं दुखतंय ते बघा. खाली बसा, पाय सैल सोडा आणि घोट्याच्या आतल्या बाजूनं वर सरकत नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्यानं दाबत या. चार बोटांच्या रुंदीएवढ्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात ठणक लागत असेल, पळायला लागल्यावर दुखून अंग गरम झाल्यावर जरा कमी होत असेल, तर बहुतेक वेळा ते शिन स्प्लिंट असतं, म्हणजे पळण्याच्या ताणानं नडगीच्या हाडाच्या कडेला होणारं दुखणं. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी दाबल्यावर जीव कळवळत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. अशा वेळी पळणं त्याच दिवशी बंद आणि थेट हाडांचे डॉक्टर. तिसरी शक्यता म्हणजे पळताना पोटरी दगडासारखी घट्ट होणं, पावलाला मुंग्या येणं आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळं मोकळं होणं. तो स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढण्याचा आजार आहे, त्यावर घरगुती इलाज करत बसू नका.

जाहिरात निघाल्यावर एकदम सुटणं

मूळ चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा हिच्या पोटात येतात. सहा महिने बसून काढलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर पळतो, वर शनिवारी मित्रांबरोबर पन्हाळ्याचा घाट. दोन आठवड्यांत दम वाढतो, त्यालाही वाटतं आपण तयार झालो. पण छाती आणि हाड एका वेगानं तयार होत नाहीत. नडगीवर नवा भार पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. रस्ता उकरून नवा थर टाकायच्या मधल्या दिवसांत त्यावरून ट्रक नेल्यासारखंच आहे ते. उकरणं लवकर होतं, भरायला काही महिने लागतात. म्हणून दम चांगला वाढलेला असतानाच, सराव सुरू करून तीन-चार आठवडे झाल्यावर नडगी बोलायला लागते.

त्यामुळं जाहिरातीची वाट न बघता आधीपासून थोडं थोडं पळत राहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवा, आणि अंतर वाढवलेल्या आठवड्यात वेग आणि चढ वाढवू नका. घाटातला उतार तर शेवटी. उतरताना प्रत्येक पावलाला शरीर ब्रेक मारतं आणि तो धक्का नडगीलाच बसतो.

एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही

दुखायला लागल्यावर पोरांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, पळून पळूनच मोकळं होईल. दुसरा तीन आठवडे घरी बसतो, दुखणं थांबलं की त्याच सोमवारी पूर्वीएवढंच पळतो आणि गुरुवारी पुन्हा लंगडतो. दुसऱ्या गटातली पोरं नशिबाला दोष देतात, पण नशिबाचा काही संबंध नाही. विश्रांतीत दुखणं शमलं, हाडाची ताकद वाढली नाही.

पायावरचा भार कमी करा, सराव चालू ठेवा. दुखणं दहापैकी दोनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना त्याचा मागमूस नसेल, तर एक दिवसाआड थोडं पळायला हरकत नाही. त्याच्या वर गेलं तर पळणं थांबवून दम दुसरीकडं राखायचा. 1600 मीटरला साधारण पाच-सहा मिनिटं लागतात, तेवढ्याच वेळाचे जोरदार टप्पे सायकलवर काढा आणि मध्ये तेवढीच हलकी सायकल मारा. छातीला जवळपास तीच मेहनत पडते आणि नडगीला धक्का बसत नाही. पोहणं येत असेल तर उत्तमच. आपल्याकडं पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या पोरांना ते सांगायलाही लागत नाही. गोळाफेकीचा सराव या काळात मनासारखा करता येतो, त्याचेही 15 गुण आहेत.

हाड रगडून घेणं

तालमीच्या गावात मालिशवर लोकांचा विश्वास असणारच, आणि पोटरीच्या मांसल भागाला हलक्या हातानं तेल लावलं तर बरंही वाटतं. पण नडगीच्या कडेवर अंगठे रुतवून ‘नस मोकळी’ करणं, लाटणं किंवा बाटली हाडावरून फिरवणं, हाड बसवून देणाऱ्याकडं जाऊन पाय ओढून घेणं हे थांबवा. तिथं कुठलीही नस चढलेली नसते आणि हाड सरकलेलंही नसतं. हाडाच्या पृष्ठभागावर आधीच ताण आहे, त्यावर आणखी दाब कशाला? आत चीर असेल तर हा प्रकार चांगलाच महागात पडतो.

बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं. त्यानं ठणक कमी होते, दुखण्याचं मूळ जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

आणि चाचणीच्या आधी दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन पळणं! हे ऐकलं की मला मनापासून राग येतो, पोराचा नाही, त्याला हा सल्ला देणाऱ्याचा. दुखणं हा त्या पायाचा एकमेव पहारेकरी, त्यालाच झोपवून पळायचं, आणि घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावरही ताण घ्यायचा. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळी दिली तर जरूर घ्या, पण गोळीच्या जोरावर पळू नका.

बूट, रस्ता आणि पाऊल

बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झुकलेली दिसली, किंवा मधला थर दाबल्यावर फुगून वर येत नसेल, तर वरून बूट कितीही नवा दिसो, त्याचं काम संपलं. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर ही वेळ येते. महागडाच बूट हवा असं मुळीच नाही, मापाचा आणि पळताना पायाला सुखाचा हवा. कॅनव्हासच्या पातळ बुटात डांबरावर रोज पळणं टाळा. अनवाणी पळायची सवय नसेल तर भरतीच्या तोंडावर तो प्रयोग नको.

रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळं रोज एकाच बाजूनं पळालात तर दोन पायांवर वेगवेगळा ताण येतो. मैदानावरही अधूनमधून फेरीची दिशा बदला.

पाऊल फार पुढं टाकून टाच आपटत पळणाऱ्यांनी पावलं जरा छोटी आणि जलद करावीत. मिनिटाला पडणारी पावलं मोजा आणि ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा, वेग तोच ठेवून. पायाखालचा आवाज कमी झाला की जमायला लागलं समजा.

जोर-बैठका आहेत, पोटरी राहून गेली

पोटरीत वरच्या फुगीर स्नायूखाली आणखी एक रुंद स्नायू असतो. पळताना मोठा भार तोच उचलतो आणि त्याची पकड नडगीच्या आतल्या कडेजवळच असते. तो कमजोर असला की धक्का हाडाला जातो. भिंतीला हात टेकून, गुडघे थोडे वाकवून दोन्ही टाचा सावकाश वर घ्या, क्षणभर थांबा, त्याहून सावकाश खाली आणा. पंधराचे तीन संच, एक दिवसाआड. न दुखता जमायला लागलं की एका पायावर. गुडघा सरळ ठेवूनही तेवढेच करा. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा जमिनीवर ठेवून पंजे वर उचला. कमरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही, दीड-दोन महिने धरून चला.

पोटाकडंही बघा. वजन उतरवायचं म्हणून अर्धपोटी पळणाऱ्या पोरींचं हाड लवकर थकतं. पाळी चुकायला लागली किंवा थांबली तर ‘सरावामुळं होतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. हे घरात बोलायला अवघड जात असेल तर आईला हा परिच्छेद वाचायला द्या. दूध, अंडी, नाचणी, मटकी, डाळी आपल्याकडं मुबलक आहेत. दुखणं वारंवार येत असेल तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

परतताना

अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही, हाड दाबल्यावर ठणक नाही, एका पायावर दहा उड्या बिनदिक्कत जमतात, एवढं झालं की सुरुवात करा. एक मिनिट सावकाश पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. त्रास झाला नाही तर पळण्याची मिनिटं वाढवा आणि चालण्याची कमी करा. सलग वीस-पंचवीस मिनिटं निवांत पळता आल्यावर 1600 मीटरच्या वेगाकडं वळा. खिळ्यांचे बूट घालून 100 मीटरचे फटके सगळ्यात शेवटी. मध्ये दुखलं तर एक पायरी खाली या, पहिल्या पायरीवर जायची गरज नाही.

दोन-तीन आठवडे भार कमी करूनही ठणक हलत नसेल तर डॉक्टरांकडं जा. जाताना एक कागद न्या: कधीपासून दुखतंय, त्याआधीच्या महिन्यात आठवड्याला किती पळालात, बूट कधी घेतले, रात्री दुखतं का. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच मैदान गाठू नका. बारीक चीर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एकाच जागी दुखत असेल तर एमआरआयची गरज आहे का, हे स्वतःहून विचारा.