ट्रस्टची देणगी घेताना-देताना या चुका टाळा

दादर-गिरगावातल्या छोट्या ट्रस्टांचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. मार्च लागला की फोन सुरू होतात. माणसं नवी, चुका त्याच.

रुपयांत आला म्हणजे पैसा देशी, हा त्यातला सगळ्यात महागडा समज. वडिलांच्या नावाने शिष्यवृत्त्या देणारा एक घरगुती ट्रस्ट. त्यांच्याकडे अडीच लाखांचा चेक आला, माहीमच्या बँकेचा, सही मराठीत. पावती फाडली, चेक वटला, त्यातले लाखभर कोकणातल्या एका वसतिगृहाला देऊनही झाले. मी देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत मागितली तर सेक्रेटरी चिडले, "अहो, आमचा बंड्या आहे तो, शिवाजी पार्कात वाढलेला!" बंड्या कधीच अमेरिकेचा नागरिक झाला होता. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असो की मुंबईतलं खातं, एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या, लेखी तो परदेशीच. ट्रस्टकडे त्या कायद्याखालची नोंदणी नव्हती, म्हणजे चेक घ्यायलाच नको होता. नोंदणी असती तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवे होते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. शेवटी गृह मंत्रालयाकडे अर्ज, दंड, आणि सेक्रेटरींचा रक्तदाब. गंमत म्हणजे दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्टवाल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. तेव्हापासून मी पावतीपुस्तकाला चिठ्ठीच टाचून देतो: 'पासपोर्ट कुठल्या देशाचा?' बंड्यालाही विचारायचं.

दुसरी खोड ३१ मार्चच्या संध्याकाळची. आयकराची माफी टिकवायला उत्पन्नातले ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च दाखवायचे असतात; ते राहिले, मग द्या ढकलून ओळखीच्या ट्रस्टला! १ एप्रिल २०२३ पासून ही पळवाट अरुंद झाली आहे. दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या शंभरातले ८५ च धरले जातात. १० लाख उत्पन्नावर साडेआठ लाख दिलेत तर हिशेबात ७ लाख २२ हजार ५००. आणि 'कॉर्पससाठी', म्हणजे त्या ट्रस्टच्या कायम निधीसाठी, असं लिहून दिलेत तर शून्य. वर्षभर झोपायचं आणि शेवटच्या दिवशी आरटीजीएस करायचं, हे मला मुळातच पटत नाही. जूनमध्ये मुलांची फी थेट कॉलेजात भरा, पावत्या फाइलला लावा, विषय संपला.

२,००० रुपयांच्या वर रोख घेऊ नका, देणगीदाराला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. पॅन पावतीच्या वेळीच घ्या, मे महिन्यात शोधायला निघू नका. देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत जातं.

आणि चेंज रिपोर्ट. विश्वस्त वारले, नवे आले, तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचं असतं. "करू हो सावकाश" म्हणणाऱ्या एका ट्रस्टचा उतारा, म्हणजे आयुक्तांच्या नोंदवहीतली विश्वस्तांची नोंद, गेल्या महिन्यात हातात आला. पाच विश्वस्तांपैकी तिघं कैलासवासी, त्यातले एक तर अध्यक्ष. ग्रँट देणाऱ्या फाउंडेशनने ताजा उतारा मागितला आहे, आणि गेलेल्या विश्वस्तांची मुलं मृत्यूचे दाखले गोळा करत वरळीच्या आयुक्त कार्यालयाच्या फेऱ्या मारताहेत.