निघत नसलेल्या स्क्रूसाठी साधन कसे निवडावे

स्क्रू फिरत नाही असे दिसताच जोर वाढवण्याऐवजी आधी नेमके काय बिघडले आहे ते पाहावे. माथ्याची खाच झिजली आहे, आटे गंजून धरले आहेत की माथाच तुटला आहे, यावर साधन ठरते. आणि खाचेतून घसरलेला प्रत्येक फेरा तिच्या कडा आणखी खात असल्यामुळे सर्वांत कमी नुकसान करणाऱ्या साधनापासूनच सुरुवात करावी.

पुष्कळदा दोष स्क्रूचा नसून स्क्रूड्रायव्हरचा असतो. पीएच २ (पीएच म्हणजे फिलिप्स, फुलीच्या आकाराची खाच) मापाच्या खाचेत पीएच १ चे टोक बसते, पण ते सैल राहते व जोर लावताच वर सरकते. फुलीच्या चार भुजांच्या मध्ये बारीक रेघा दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह प्रकार असतो आणि त्याला साधे फिलिप्स टोक चालत नाही. टोक झिजलेले असल्यास ते बदलावे, खाचेत साचलेला रंग व गंज सुईने कोरून काढावा, मगच पुन्हा प्रयत्न करावा. खाचेवर रबरबँड ठेवून फिरवण्याचा उपाय हलक्या कसलेल्या स्क्रूवर कधी कधी चालतो. गंजलेल्या स्क्रूवर त्यात वेळ घालवू नये.

आटे धरले असतील, तर गंज सोडवणारे तेल घालून शक्यतो रात्रभर मुरू द्यावे आणि अधूनमधून माथ्यावर हलके ठोके द्यावेत. त्यानंतर धातूच्या भक्कम भागांसाठी हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हे माझ्या मते सर्वांत भरवशाचे साधन आहे, कारण हातोड्याचा एकच घाव टोकाला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतोही, त्यामुळे घसरण्याला वावच उरत नाही. मात्र प्लॅस्टिक, पातळ ओतीव भाग किंवा नाजूक यंत्रे यांवर तो वापरू नये. आट्यांना पक्का लॉक करणारा द्रव लावलेला असेल, तर उष्णता द्यावी लागते. पण जिथे तेल फवारले आहे तिथे ज्योत कधीही नेऊ नये.

माथा पृष्ठभागाच्या वर असेल, तर खाचेचा विचार सोडून लॉक होणाऱ्या पकडीने तो कडेने घट्ट धरावा व सावकाश फिरवावा. पकड बसत नसल्यास हॅकसॉने माथ्यावर सरळ चीर पाडून तीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालता येतो.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे स्क्रूत पाडलेल्या भोकात रुतून त्याला उलटा फिरवून काढणारे साधन, शेवटी. डोळ्यांवर गॉगल चढवावा, स्क्रूच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करावी आणि उलट्या दिशेने कापणाऱ्या ड्रिलने भोक पाडावे. अनेकदा तेवढ्यानेच स्क्रू सैल होऊन बाहेर येतो. तसे झाले नाही, तर एक्स्ट्रॅक्टरवर दिलेल्या मापाइतकेच भोक ठेवून तो हलक्या ठोक्याने बसवावा आणि ड्रिल मशीनने नव्हे, तर टॅप हँडलने (त्याचे टोक पकडणाऱ्या आडव्या मुठीने) हाताने फिरवावा. त्याचे पोलाद कडक पण ठिसूळ असते आणि तो आत तुटला, तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. म्हणून फिरवताना तो पिळतो आहे असे हाताला जाणवले, की लगेच थांबावे, पुन्हा तेल घालावे आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा.