जाई, सई, प्रज्ञा: बाळाचं नाव ठेवताना उच्चाराच्या या चुका टाळा

भाचीच्या शाळेचा पहिला दिवस. शाळा बंगळुरूची, बाई तिथल्याच. हजेरी घेताना त्यांनी "जय!" अशी हाक मारली आणि वर्गात मुलगा शोधू लागल्या. आमची जाई पहिल्याच बाकावर डबा पोटाशी धरून बसलेली. तिने ओ दिली नाही, कारण तिला कुणी हाक मारलीच नव्हती. जन्मदाखल्यावर तिचं नाव जे-ए-आय असं तीन अक्षरांत आहे. बाईंनी ते जसं वाचता येतं तसं वाचलं. बारशाला पोरीच्या कानात कुर्र करून हे नाव मीच ठेवलेलं, त्यामुळे या घोटाळ्यात आत्याचाही वाटा आहे.

नाव फक्त देवनागरीत पाहणं

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. 'सई' किती गोड! रोमन लिपीत एस-ए-आय लिहा, सगळा देश 'साई' वाचतो. 'इरा' लिहिलं तर अमेरिकेत 'आयरा' होतं, आणि तिकडे ते पुरुषाचं नाव आहे. कर्नाटकात, तमिळनाडूत, केरळात 'त'साठी टी-एच लिहायची पद्धत, म्हणून आपली नीता तिथे सहज 'नीटा' होते आणि अथर्वचा 'अतर्व'.

उपाय साधा आहे. ठरवलेलं स्पेलिंग, नुसतं स्पेलिंग, अशा तिघांना पाठवा ज्यांना नाव आधी माहीत नाही. त्यातला एक तरी अमराठी हवा. वाचून व्हॉइस नोट पाठवा म्हणावं. तिघांपैकी दोघं चुकले तर स्पेलिंग बदला, नाव बदलायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. शेवटी आय ऐवजी दोन ई लिहिले की जाई आणि सई दोघी पुष्कळशा सुटतात. (अंकशास्त्रवाल्याने सुचवलेला तिसरा ई मात्र कृपा करून घालू नका.)

एक गोष्ट स्पेलिंगनेही साधत नाही. 'जाई', 'जुई'तला आपला ज हा 'जसा'मधला, 'जीव'मधला नव्हे. त्याला रोमन लिपीत सोयीचं अक्षर नाही. झेड लिहिलं तर 'झुई' होईल. महाराष्ट्राबाहेर हा ज मऊ होणार, हे धरूनच चालायचं.

पाळण्यापाशी 'शुद्ध' काय याचा निकाल लावायला बसणं

माझ्या मामेबहिणीचं सासर इंदूरचं. घर मराठीच, पण चार पिढ्या माळव्यात. बारशाला नाव ठरलं प्रज्ञा. माहेरचे म्हणाले 'प्रद्न्या', सासरचे 'प्रग्या', शेजारच्या गुजराती काकू कौतुकाने 'प्रग्ना'. घुगऱ्या गार झाल्या, वाद तापतच गेला. मामा तर व्याकरणाचं पुस्तक मागवायला निघाले होते.

पुस्तकाने काय होणार? ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. रोजच्या बोलण्यात या दोन वर्णांचा जसाच्या तसा उच्चार ना पुण्यात होतो ना इंदुरात. प्रत्येक भाषेने त्याला आपल्या वळणावर नेलं आहे. ऋचंही तेच. आपण 'रु' म्हणतो, हिंदीत 'रि', म्हणून अमृताच्या स्पेलिंगमध्ये इकडे यू येतो आणि उत्तरेत आय.

खरा त्रास तेव्हा, जेव्हा आई एक म्हणते आणि बाबा दुसरं. मूल स्वतःचं नाव त्या दोघांकडूनच शिकतं. म्हणून आईबाबांनी एक उच्चार पक्का करावा, बाकी आज्या-काकूंना मोकळं सोडावं. बहिणीने तसंच केलं. दाखल्यावर डी-एन-वाय, आणि इंदूरच्या आजीची 'प्रग्या' तशीच चालू.

हृषीकेशची गोष्ट जरा वेगळी. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. बोलताना ह गळतो, मग लिहितानाही 'ऋषिकेश' होतं. ते गावाचंही नाव आहे, ठेवायला हरकत नाही. पण कुठलं ठेवताय ते माहीत असू द्या, आणि आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरं असं होऊ देऊ नका.

चरणाक्षराच्या मागे फरपटत जाणं

जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर काढतात, ते चरणाक्षर. आर्द्रा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं कू, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदेत ञ आहे, हस्तात ण. ङ वरून नाव शोधून दाखवा! अक्षर सांभाळायचं म्हणून कुठूनतरी खणून काढलेलं नाव घरातच कुणाला नीट म्हणता येत नाही. जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, हाकेचं वेगळं ठेवा. आपल्याकडे ही सोय पूर्वापार आहे.

परदेशी जायचं ठरलेलं असून विचार न करणं

जर्मनीत जे चा उच्चार य, व्ही चा बहुधा फ. स्पॅनिशमध्ये जे चा ह. जुईची 'हुई' होईल. म्हणून नाव टाकून द्यायचं असं मी म्हणणार नाही, पण दोन नावांत मन अडकलं असेल तर हा निकष लावायला हरकत नाही.

दाखल्याची घाई

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र तेव्हाच द्यावं लागत नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांत कळवलं तर विलंब शुल्क नाही, त्यानंतर ते भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवर उभ्याउभ्या स्पेलिंग सांगू नका. कागदावर लिहून द्या, आणि दाखला हातात आला की तिथेच अक्षर न् अक्षर वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला धरला जातो. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आहे. म्हणजे चारही शब्दांची स्पेलिंगं तपासायची.

आणि चूक होऊन गेली असेल तर

नाव बदलायला लगेच राजपत्राकडे धावू नका. शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर नाव तिथल्या लिपीत लिहून द्या. आमच्या भावाने शेजाऱ्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं आणि बाईंना सांगितलं की हे फुलाचं नाव आहे. बाई म्हणाल्या, "अय्यो, जाजी!" कन्नडमध्ये जाईला जाजी म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता हजेरीत 'जाई' येतं, ज मात्र 'जीव'मधला. पोरगी त्याला ओ देते. संध्याकाळी फोनवर आजी 'जसा'मधल्या ज ने हाक मारते, त्यालाही देते.